उतरलेला पंचम

घरात काही वस्तू अशा असतात की त्या आणताना त्यांच्याबद्दल कोणी चौकशी करीत नाही आणि आणल्यावर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. नवा पंखा आला की त्याच्या पात्यांचा रंग सर्वांना दिसतो, पण छतातला हूक कोणी पाहिला का, असे विचारणारा माणूस विरळाच. गाण्याच्या यंत्राचेही तसेच आहे. स्पीकर केवढे, बटणे किती, लाकडी पेटी दिवाणखान्यात शोभेल की नाही, यावर घरात तासन् तास खल होतो. पण त्या पेटीच्या तळाशी एक लोखंडाचा आणि तांब्याचा जड गोळा बसलेला असतो, भिंतीतून आलेली वीज तोच मऊ करून बाकीच्यांना वाढतो, याची आठवण कोणाला होत नाही. त्या गोळ्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्याने आपले काम नीट केले तर तो आयुष्यभर कोणाला ऐकू येत नाही. बिघडला तर मात्र दुसरे काही ऐकू येत नाही.

हा गोळा कसा निवडावा, हे मी आज सांगणार आहे. दिवाळी अंकात हा विषय कसला काढला, असे वाचकांना वाटेल. पण ज्या घरात कोणाला गाण्याची आवड आहे, आणि ज्या घरात एखादे वडीलधारे माणूस दुपारी एकटे असते, त्या घराला हा विषय परका नाही. मला तो शिकावा लागला तो आमच्या अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय अठ्ठ्याऐंशी. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. आता उजेड आणि अंधार यापलीकडे त्यांना फारसे कळत नाही. वर्तमानपत्र गेले, पत्ते गेले, संध्याकाळचे एकट्याने फिरणे गेले. राहिले ते कान. आणि कान असे की, शेजारच्या बिऱ्हाडात कोणी पेटी काढली तर कोणती पट्टी लागली हे भिंतीआडून सांगतील. त्यांच्यापाशी सुमारे दोनशे रेकॉर्ड आहेत. त्या वाजवायला त्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओग्राम होता, माझ्या बालपणी घरात आलेला. दुपारी सौ. शाळेत आणि मी बाहेर गेलो की अण्णा चाचपडत त्याच्यापाशी जात, बटण पिळत आणि तीन-चार तास ऐकत बसत.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी सौ. लवकर घरी आली, तेव्हा खोलीत लाखेसारखा करपट वास भरला होता. अण्णांना वास आला होता, पण स्वयंपाकघरात कोणी काही तापवत असेल असे त्यांना वाटले. मी मागची फळी काढून पाहिली. आतला ट्रान्सफॉर्मर हात ठेववेना इतका तापला होता आणि त्याच्या वेटोळ्यांतून डांबरासारखे काहीतरी पाझरून खाली थिजले होते. त्या दिवशी काही झाले नाही, पण कशाच्या उंबरठ्यावर आपण उभे होतो हे सौ.ला आणि मला न बोलता कळले. ज्या माणसाला धूर दिसत नाही, त्याच्या हाताशी अशी पेटी ठेवणे शक्यच नव्हते.

मुलाने दुसऱ्याच दिवशी टेलिफोनवरून वाजणारा एक छोटा स्पीकर आणून दिला. अण्णांनी तो हातात घेतला, वजन पाहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण माझ्या रेकॉर्डी यात कुठून घालायच्या?” मग जरा थांबून, “राहू दे रे. फार झालं ऐकून.”

हे शेवटचे वाक्य मला फार लागले. माझे सारे आयुष्य टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेले. डाग देण्याची कढई अजून माळ्यावर आहे. मी ठरवले की, पेटी तीच ठेवायची, आतला संसार मात्र नवा थाटायचा.

जुनाच ट्रान्सफॉर्मर भरून का घेतला नाही, असे कोणी विचारील. घेता आला असता. पण व्हॉल्व्हच्या यंत्राला तीनशे-शून्य-तीनशे व्होल्टचे एक वेटोळे लागते, व्हॉल्व्हच्या तारा तापवायला सहा पूर्णांक तीन व्होल्टचे दुसरे आणि एकदिशा व्हॉल्व्हसाठी पाच व्होल्टचे तिसरे. त्यातून पुढे साडेतीनशे व्होल्टच्या आसपास एकदिशा वीज तयार होते आणि बटण बंद केल्यावरही ती कंडेन्सरांत दबा धरून बसू शकते. डोळस माणसाने हौसेने खुशाल असले यंत्र बाळगावे. अण्णांच्या खोलीत ते मला नको होते. म्हणून ट्रान्झिस्टरच्या जातीचा, कमी व्होल्टेजवर चालणारा ॲम्प्लिफायर बांधायचे ठरले.

आता या लेखाच्या नावातला पंचम. त्या जुन्या रेडिओग्राममध्ये अखेरच्या एक-दोन वर्षांत एक घुमारा येऊ लागला होता. आम्हाला तो जाणवतही नसे. पण अण्णा दर वेळी म्हणत, “हा मागे तंबोरा कोण धरतोय रे? सांगा त्याला, पंचम उतरलाय!” आम्ही हसत असू. एकदा मी सहज कागदावर आकडे मांडले आणि हसणे थांबले. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. ती एकदिशा करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन उंचवटे होतात, म्हणून यंत्रातले कंडेन्सर वाळले की जो घुमारा उमटतो तो शंभर आंदोलनांचा असतो. आता समजा गायकाचा षड्ज काळी एक आहे. त्याची आंदोलने सुमारे १३८.६. त्याचा पंचम दीडपट म्हणजे जवळजवळ २०८, आणि तंबोऱ्याची पहिली तार ज्या मंद्र पंचमात लावतात तो १०४. म्हणजे आमच्या यंत्राचा घुमारा तंबोऱ्याच्या पहिल्या तारेला अगदी खेटून, पण चार आंदोलनांनी खाली उभा! अर्धस्वराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग उतरलेला. अण्णांचे कान शब्दशः खरे बोलत होते.

आणि यात आणखी एक गंमत आहे. मारव्यात पंचम वर्ज्य, मालकंसातही वर्ज्य. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी हे अण्णांचे दैवत. काळी एकमध्ये लावलेला मारवा असा ऐकायचा म्हणजे गवई मोठ्या निग्रहाने जो स्वर टाळतो आहे, तोच स्वर, तोही उतरलेला, आपले यंत्र मागे बसून अखंड आळवते आहे! तेव्हा नव्या यंत्राची पहिली अट मी लिहून ठेवली: जोर कमी असला तरी चालेल, पण आलापाच्या आधीची शांतता शांत राहिली पाहिजे. दुसरी अट: कोणी पाहायला नसताना ते यंत्र स्वतःच स्वतःला सांभाळील असे असावे. पुढचे सारे निर्णय या दोन अटींवर झाले.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगता येते. लोखंडाच्या एका गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. एकात भिंतीतली वीज सोडली की लोखंडात चुंबकत्वाची ये-जा सुरू होते आणि त्या ये-जेमुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते. दोहोंतल्या वेढ्यांचे जे प्रमाण तेच व्होल्टचे. १८३१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर अशी दोन वेटोळी गुंडाळली आणि हा चमत्कार पाहिला. त्याचे व्यवहारात चालणारे रूप १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी सिद्ध केले. ते कडे आणि आज तपकीर गल्लीत मिळणारा गोळा यांत तत्त्वाचा फरक नाही.

तपकीर गल्ली पुणेकरांना सांगायला नको. मुंबईकरांसाठी म्हणतो, ती आमची धाकटी लॅमिंग्टन रोड. बुधवार पेठेतल्या या गल्लीत रेझिस्टरपासून स्पीकरच्या जाळीपर्यंत सारे मिळते. मी पहिल्या दुकानात गेलो.

“कसला पाहिजे?” दुकानदाराने विचारले.

“गाण्यासाठी. घरगुती.”

“मग चोवीस-झिरो-चोवीस न्या, पाच ॲम्पियर. साहेब, असा दणदणीत आवाज निघेल की खालचा मजला नाचेल!”

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना नाचवण्याचा माझा विचार नव्हता. पण खरे कारण निराळे होते, आणि ट्रान्सफॉर्मर निवडणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घेतले पाहिजे.

ट्रान्सफॉर्मरवर जो आकडा लिहिलेला असतो, तेवढीच वीज ॲम्प्लिफायरला मिळते असे नाही. उलटसुलट वाहणारी वीज एकदिशा करून कंडेन्सरमध्ये भरली की ती त्या आकड्याच्या १.४१४ पट होते, कारण कंडेन्सर लाटेचा माथा धरून ठेवतो. चोवीसचे जवळजवळ चौतीस होतात. वर आणखी दोन गोष्टी. पहिली, ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा तो पूर्ण भाराखाली असतानाचा असतो. भार नसताना, म्हणजे गाणे थांबलेले असताना, लहान ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के वर चढतो. दुसरी, भिंतीतली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण ती दिवसभर एकाच जागी कुठे बसते? मी आठवडाभर मीटर लावून वहीत नोंद केली. संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे आणि यंत्रे चालू असताना, २१८. पहाटे तीनला २४८.

ज्या चिपभोवती मी ॲम्प्लिफायर बांधणार होतो ती ‘एलएम १८७५’. साधी, मजबूत, हौशी लोकांची जुनी ओळखीची. तिच्या माहितीपत्रकात दोन्ही बाजू मिळून कमाल ६० व्होल्ट अशी मर्यादा आहे. दुकानदाराचा चोवीस-झिरो-चोवीस घेतला तर दोन्हीकडचे चौतीस मिळून ६८ झाले. पहिल्याच दिवशी चिप आटोपली. मग अठरा-झिरो-अठरा? कागदावर तो बरोबर दिसतो: अठराचे साडेपंचवीस, दोन्हीकडचे ५१. पण त्यात भार नसतानाचे दहा टक्के मिळवा, पहाटेचे २४८ व्होल्ट मिळवा. उत्तर ५९ च्या आसपास येते. मर्यादा ६० आणि आपण ५९ वर! पंक्तीत बसलेला पाहुणा ‘आता पुरे’ म्हणत असताना ताटात आणखी एक जिलबी टाकण्यासारखेच ते. शिवाय अण्णांना पहाटे झोप लागत नाही, आणि पहाटे तीनला ललत लावणारा माणूस घरात असताना पहाटेचेच व्होल्ट धरून चालले पाहिजेत.

म्हणून मी सोळा-झिरो-सोळा ठरवला. अगदी वाईट परिस्थितीतही तो ५३ च्या वर जात नाही. याची किंमत काय? जोर थोडा कमी. वीस वॅटच्या जागी सुमारे पंधरा. पण कान वॅट मोजत नाही. वीस आणि पंधरा यांत फरक फक्त सव्वा डेसिबलचा; गाणे चालू असताना तो ओळखून दाखवील त्याला मी अण्णांच्या रांगेत बसवीन. दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्याला बहुतेक वेळ एक-दोन वॅटही पुरतात.

दुसरा प्रश्न ताकदीचा. व्होल्ट म्हणजे उंची मानली, तर ॲम्पियर म्हणजे रुंदी. दोहोंचा गुणाकार म्हणजे व्हीए. दोन्ही बाजूंचे मिळून तीस वॅट बाहेर काढायचे, तर ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, साठ व्हीएचा तरी असावा, असा साधा हिशेब आहे. ॲम्प्लिफायर स्वतः थोडे खातो, आणि कंडेन्सर वीज संथपणे न घेता घोट-घोट घेतात, त्याने वेटोळी अधिक तापतात. मी शंभर व्हीए धरला, म्हणजे तीन ॲम्पियर. हेतू हा की, तो कधी घाम पुसताना दिसू नये. काही मंडळी पाचशे व्हीएचा घालतात आणि मित्रांना पेटी उचलून पाहायला सांगतात. त्याने गाणे पाचपट गोड होत नाही. उलट बटण दाबताक्षणी तो विजेचा असा मोठा घास घेतो की फ्यूज बिचारा भांबावून जातो.

मात्र तीन ॲम्पियर म्हणजे खरेच तीन असले पाहिजेत. बाजारातल्या स्वस्त मालावर पाच लिहिलेले असते आणि आत दोनाचाच जीव असतो. याचे एक कारण तार. पुष्कळदा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरलेली असते. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. तेवढ्याच जाडीची तार घातली तर ती तेवढीच अधिक तापणार. ओळखायची कशी? हातात घ्या. एकाच आकाराच्या दोन ट्रान्सफॉर्मरांत संशयास्पद हलका असेल तो बाजूला ठेवा. टोकाची तार वार्निशखाली हळूच खरवडून पाहा, लालसर दिसते की रुपेरी. आणि दुकानदाराला सरळ विचारा. भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो, मग इथेच भीड कशाला?

तिसरा प्रश्न आकाराचा. ट्रान्सफॉर्मर दोन जातींचे. एक चौकोनी, इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराचे पातळ पत्रे एकात एक बसवून केलेला. दुसरा गोल, चकलीच्या कड्यासारखा. हा गोल नव्या जमान्याचा समजतात. वास्तविक फॅरडे यांचे पहिले कडे गोलच होते. गोल ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व बाहेर फार थोडे सांडते, तो हलका आणि बुटका असतो. चौकोनी जड असतो, त्याच्याभोवती चुंबकत्व अधिक पसरते, पण तो सोशिक असतो आणि कुठल्याही लहान कारखान्यात भरून मिळतो.

माझ्या पहिल्या अटीला गोल बरा, हे सांगायला ज्योतिषी नको. कारण रेकॉर्डच्या सुईपासून जी वीज निघते ती असते केवळ पाच मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे व्होल्टचा दोनशेवा भाग. तिच्याशेजारी २३० व्होल्टचा हा पैलवान बसवायचा! शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दबता ठेवतात आणि वाजवताना तो उचलतात. १९५४ साली याचे जे प्रमाण अमेरिकेत ठरले तेच पुढे जगभर रूढ झाले. त्या प्रमाणानुसार ५० आंदोलनांचा स्वर १००० आंदोलनांच्या स्वराच्या मानाने सुमारे सात पट वर उचलला जातो. म्हणजे विजेचा घुमारा सुईच्या तारेत चोरपावलांनी शिरला, तर आपलेच यंत्र त्याला सातपट मानाने पाटावर बसवणार. यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे अंतर. मी ट्रान्सफॉर्मरला वेगळी लोखंडी पेटी दिली आणि एक मीटर केबल सोडून तो रेडिओग्रामच्या खालच्या, रेकॉर्ड ठेवण्याच्या कप्प्यात बसवला.

गोल ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्याने एक गोष्ट कधीही विसरू नये. त्याच्या मधल्या भोकातून जो बोल्ट जातो, त्याचे वरचे टोक पेटीच्या झाकणाला टेकता कामा नये. टेकले तर बोल्ट, झाकण, भिंत आणि तळ मिळून एक बंद वेढा तयार होतो, त्यातून प्रचंड वीज फिरते, आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःलाच जाळून घेतो. चार आण्यांच्या बोल्टने केलेला असा घात मी खात्यात असताना पाहिला आहे.

सोळा-झिरो-सोळाचा गोल ट्रान्सफॉर्मर तयार मिळेना. तेव्हा एका दुकानदाराने मला गल्लीच्या टोकाला, जिन्याखाली बसणाऱ्या एका वाइंडरकडे पाठवले. साठीचा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, बोटांच्या टोकांवर तारेने पडलेले चरे. मी माझा कागद पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला आणि मला दोन प्रश्न विचारले.

“रोज किती तास चालणार?”

“दुपारभर. कधी पहाटेही.”

“आणि चालवणार कोण?”

मी अण्णांबद्दल सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कागदाच्या खाली त्यांनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली आणि म्हणाले, “मग आत थर्मल फ्यूज घालतो. वेटोळ्याच्या पोटातच. एकशे तीस डिग्रीला गेला की कायमचा तुटेल. पुन्हा भरायला माझ्याकडे आणावा लागेल, तुम्हाला त्रास होईल. पण धूर होणार नाही.”

आतापर्यंत मी चार दुकाने पालथी घातली होती. किती वॅट, किती रुपये, किती जोरात, हे सर्वांनी विचारले. कोण चालवणार, हे या एकाच माणसाने विचारले. ट्रान्सफॉर्मरची निवड म्हणजे काय ते मला तिथे, त्या जिन्याखाली, खऱ्या अर्थाने कळले. त्यांनी तयार मालाच्या दीडपट पैसे सांगितले. मी घासाघीस केली नाही.

दहा दिवसांनी ट्रान्सफॉर्मर हाती आला. बाकीची व्यवस्था मी केली. भिंतीकडच्या बाजूला ६३० मिलिॲम्पियरचा, थोडा दम धरणारा फ्यूज, कारण सुरुवातीचा घास मोठा असतो हे वर सांगितलेच आहे. लोखंडी पेटीला अर्थिंग, आणि त्यासाठी तीन पायांची प्लग-पिन. आमच्या भिंतीतल्या अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, हे वायरमनकडून तपासून घेतले. तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे समजणे म्हणजे पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला असे समजणे. पहिल्यांदा वीज सोडली ती शंभर वॅटचा जुना दिवा मालिकेत जोडून. आत कुठे चूक असती तर दिवा लख्ख पेटून राहिला असता. तो क्षणभर लालसर झाला आणि विझला. मग चार तास पूर्ण भार देऊन मी दर अर्ध्या तासाने तपमान मोजले. खोलीत तीस अंश असताना ट्रान्सफॉर्मर ५२ वर जाऊन थांबला. हात सहज ठेवता येत होता.

सौ.ने विचारले, “आता तरी मला दुपारी शाळेत जिवाला घोर राहणार नाही ना?” मी तिचाच हात धरून त्या पेटीवर ठेवला. ती म्हणाली, “दुधाच्या पातेल्याएवढी कोमट आहे.” तिच्या तोंडून एवढे प्रशस्तिपत्र मला तीस वर्षांत मिळालेले नाही.

अण्णांना बोलावले. त्यांनी आधी बटण चाचपले, तेच जुने, खाचांचे. ते मी मुद्दाम ठेवले होते. मारव्याची तबकडी मी लावली नाही, त्यांनीच लावली. अंगठ्याने कड ओळखून, दुसऱ्या हाताने सुईचा दांडा मोजून-मापून. सुई खाली आली. पहिला तंबोरा सुरू होण्यापूर्वी रेकॉर्डवर दोन-तीन क्षणांची रिकामी रेघ असते. त्या दोन-तीन क्षणांत अण्णांनी मान किंचित तिरकी केली. मला वाटते, ते आपला जुना शत्रू कुठे दडला आहे का ते पाहत होते.

“गेला रे तो,” ते म्हणाले.

“कोण अण्णा?”

“तो उतरलेल्या पंचमवाला.”

त्यानंतर अर्धी बाजू संपेपर्यंत खोलीत कोणी बोलले नाही.

काही जाणकार वाचक म्हणतील, अहो, आता काडेपेटीएवढ्या विजेच्या पेट्या निघाल्या आहेत, पावशेर वजनाच्या; एवढा लोखंडी गोळा घेऊन कोण बसतो? त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्या स्विचिंगच्या जातीच्या पेट्या विजेची लाट सेकंदाला हजारो वेळा तोडतात, म्हणून त्यांना लहान गाभा पुरतो. आणि चांगल्या बनावटीच्या असतील तर गाणेही स्वच्छ देतात. पण स्वस्तातल्या पेटीची कुरकुर शेजारच्या मध्यम लहरींच्या रेडिओत ऐकू येते, आणि ती बिघडली की बहुधा फेकून द्यावी लागते. हा गोळा मात्र बिघडला तर जिन्याखालचा माणूस तो पुन्हा भरून देऊ शकतो. ज्याला जे सोयीचे, त्याने ते घ्यावे. घेताना प्रश्न मात्र तेच विचारावेत.

ते प्रश्न पुन्हा एकदा सांगून टाकतो. यंत्राची कमाल व्होल्ट-मर्यादा किती, आणि भार नसताना, भिंतीतली वीज चढलेली असताना, आपण तिच्यापासून किती लांब आहोत? लिहिलेले ॲम्पियर खरे आहेत का, तार कशाची आहे? सुईची तार आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात अंतर किती? फ्यूज कुठे, अर्थिंग कुठे, आणि तापला तर आतून थांबवणारे काही आहे का? ही उत्तरे कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी. आणि विजेच्या मूळ जोडणीला स्वतः हात लावण्याची सवय नसेल, तर तेवढे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

दिवाळीत घरोघरी नवी यंत्रे येतील. त्यांची बटणे पाहा, दिवे पाहा, आवाजही मोठा करून पाहा. पण एकदा तो पुरता लहान करून, गाणे सुरू होण्याआधीच्या क्षणी कान देऊन पाहा. तिथे काहीच ऐकू आले नाही, आणि दोन तासांनी पेटीवर ठेवलेला हात सुखाने ठेवता आला, तर यंत्र घ्यायला हरकत नाही. घरातली वडील मंडळी दुपारी त्याच्यापाशी एकटी बसली तरी तुम्हाला कामावर निर्धास्त राहता येईल.